डाखाऊच्या छळछावणीची कागदपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिकला शिकायला किंवा नोकरीला असलेली मराठी मंडळी घरून पाहुणे आले की त्यांना एखाद्या दिवशी डाखाऊला घेऊन जातात. फेरी दोन-तीन तासांत होते आणि परतीच्या गाडीत प्रश्न सुरू होतात. एवढी नावं, एवढ्या तारखा यांना कळल्या कुठून? नाझींनी पुरावे नष्ट केले नाहीत का? आपलं कुणी तिथे होतं का? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. छावणीचा संपूर्ण इतिहास या पानावर मिळणार नाही. इथे भर आहे तो तिथल्या कागदांवर आणि ते वाचायचे कसे यावर.

डाखाऊ म्हणजे नेमकं काय होतं?

डाखाऊ हे म्युनिकच्या वायव्येचं छोटं गाव. गावाबाहेर पहिल्या महायुद्धातला दारूगोळ्याचा कारखाना बंद पडून होता. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २२ मार्च १९३३ रोजी तिथे कैद्यांची पहिली तुकडी आणली गेली. सुरुवातीला कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट आणि कामगार संघटनांचे लोक होते. पुढे यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ), समलिंगी पुरुष, सिंती आणि रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं), ज्यू आले आणि युद्ध सुरू झाल्यावर जवळजवळ सगळ्या युरोपातून माणसं येऊ लागली. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य आत शिरलं. मधल्या बारा वर्षांत ४०हून अधिक देशांचे २ लाखांवर कैदी मुख्य छावणी आणि तिच्या सुमारे १४० उपछावण्यांमधून गेले. किमान ४१,५०० जण मेले.

छावणी गुपचूप उघडली असं अनेकांना वाटतं. तसं नव्हतं. एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा प्रमुख हिमलर याने २० मार्चला पत्रकारांना बोलावून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी म्युनिकच्या वर्तमानपत्रात बातमी छापून आली, ५,००० माणसांची सोय असल्याच्या तपशिलासकट. आत काय चाललंय ते दडवलं गेलं, छावणी आहे हे कधीच दडवलं नाही.

नाझींनी कागद जाळले नाहीत का?

जाळले. शेवटच्या दिवसांत डाखाऊतही फायली आगीत गेल्या. तरी डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या दोन छावण्यांच्या नोंदी इतरांच्या मानाने पुष्कळच पूर्ण आहेत, कारण दोन्हीकडे अमेरिकन फौजा पोचल्या तेव्हा सगळं दफ्तर नष्ट करायला एसएसला सवड मिळाली नव्हती. अमेरिकनांनी ते जप्त केलं आणि लगेच कामालाही लावलं. १५ नोव्हेंबर १९४५ रोजी डाखाऊतच खटला उभा राहिला. ४० आरोपी होते, त्यांतल्या ३६ जणांना फाशीची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात २८ जणांना फाशी दिली गेली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. छावणीची कारकुनी कैद्यांकडूनच करून घेतली जायची. आज कोण आला, कोणत्या बराकीत गेला, कोण कामाला बाहेर पाठवला, कोण मेला, हा सगळा रोजचा हिशेब कैदी कारकून लिहीत. या कागदांचं पुढे काय मोल होणार आहे हे त्यांना कळत होतं, आणि शेवटच्या धामधुमीत त्यांनी जमेल तेवढं वाचवलं. सुटकेनंतर टायफसमुळे छावणीवर क्वारंटाइन होतं, तेव्हाही कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीचं याद्या करणं चालूच होतं. त्यामुळे आज एखादं कार्ड उघडलं तर छापील नमुना एसएसचा असतो, त्यावरचं अक्षर मात्र पुष्कळदा कैद्याचं असतं.

ही कागदपत्रं आता कुठे आहेत?

एका जागी नाहीत, आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो.

कैद्यांच्या वैयक्तिक नोंदींचा सर्वांत मोठा साठा डाखाऊत नाही. तो हेसन राज्यातल्या बाड आरोल्सन गावी आरोल्सन आर्काइव्ह्जमध्ये आहे. युद्धानंतर हरवलेल्यांचा शोध घ्यायला दोस्त राष्ट्रांनी जी यंत्रणा उभारली, तिची १९४८ मध्ये इंटरनॅशनल ट्रेसिंग सर्व्हिस झाली, आणि २०१९ मध्ये तिने सध्याचं नाव घेतलं. सगळ्या छावण्या, वेठबिगार आणि निर्वासित मिळून तिथे सुमारे ३ कोटी दस्तऐवज आहेत, त्यांत १ कोटी ७५ लाख माणसांचे उल्लेख आहेत. २०१३ पासून हा साठा युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत आहे. संशोधकांना मात्र २००७ पर्यंत तिथे प्रवेश नव्हता. साठ वर्षं दार बंद ठेवण्यामागे खासगीपणाचं कारण दिलं जायचं. ते मला कधीच पुरतं पटलेलं नाही.

डाखाऊच्या स्मारकाचं स्वतःचं अभिलेखागार आणि ग्रंथालय आहे. सुटलेल्या कैद्यांच्या आठवणी, पत्रं, चित्रं, छायाचित्रं आणि इतरत्र असलेल्या कागदांच्या प्रती तिथे मिळतात. खटल्यांचं दफ्तर अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. एसएसच्या माणसांविषयी शोध घ्यायचा असेल तर जर्मन संघीय अभिलेखागार. आरोल्सनच्या साठ्याच्या डिजिटल प्रती वॉशिंग्टन, जेरुसलेम, लंडन अशा काही ठिकाणीही पाहता येतात.

एका कैद्यामागे कोणते कागद तयार व्हायचे?

माणूस दारात आला की आवक वहीत ओळ पडायची आणि त्याला क्रमांक मिळायचा. मग कार्यालयाचं कार्ड. त्यावर नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, व्यवसाय, घरचा पत्ता, आल्याची तारीख आणि कैद्याचा वर्ग. लाल त्रिकोण राजकीय, हिरवा गुन्हेगार, जांभळा यहोवाचा साक्षीदार, गुलाबी समलिंगी, काळा 'समाजविघातक', ज्यूंना पिवळा. बदली, सुटका आणि मृत्यू यांच्या नोंदी नंतर त्याच कार्डावर पडत जायच्या. शिवाय पैशांचं कार्ड, इस्पितळाची नोंद, कामाच्या टोळीची नोंद.

मी नव्या माणसाला आधी दाखवतो ते सामानाचं कार्ड. छापील रकान्यांत टोपी, कोट, शर्ट, पँट, मोजे, बूट, घड्याळ, अंगठी, आणि प्रत्येकापुढे हाताने लिहिलेला आकडा. कोट १. मोजे २. खाली सही. सगळं काढून घेतलं गेलेल्या माणसाने, हे सामान बरोबर नोंदलंय असं कबूल करत केलेली सही. पुष्कळांच्या हातचं अक्षर म्हणून मागे उरलेली हीच एक ओळ आहे.

क्रमांकाबद्दल दोन गोष्टी. डाखाऊत क्रमांक गोंदत नसत, कपड्यावर शिवत. गोंदण्याची पद्धत आउश्वित्झ छावणीची. आणि डाखाऊत क्रमांकांची मालिका मधेच पुन्हा एकपासून सुरू झाली, त्यामुळे एकच क्रमांक वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांना मिळालेला दिसतो. नुसत्या क्रमांकावरून माणूस ठरवू नका, तारीख ताडून पाहा.

या नोंदी खऱ्या मानायच्या का?

सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच. उत्तर रकान्यागणिक बदलतं. नाव, गाव, आल्याची तारीख, बदलीची तारीख यांवर सहसा विसंबता येतं, कारण त्याच्यावर छावणीचं रोजचं काम चालायचं. अटकेचं कारण ही पोलिसांची भाषा आहे. आणि मृत्यूचं कारण हा रकाना मी पुराव्याशिवाय कधीच खरा धरत नाही.

मृत्यूचं खोटं कारण लिहायची छावणीची सवय पहिल्या महिन्यापासूनची आहे. १२ एप्रिल १९३३ रोजी चार ज्यू कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि ते पळून जात होते असं कागदावर आलं. म्युनिकचे सरकारी वकील योझेफ हार्टिंगर यांना संशय आला. न्यायवैद्यक डॉक्टर मोरिट्झ फ्लाम यांच्यासोबत त्यांनी या आणि नंतरच्या मृत्यूंची तपासणी केली, आणि पळणाऱ्या माणसाला लागलेल्या गोळ्या अशा नसतात हे नोंदवलं. त्यांनी छावणीच्या प्रमुखावर आरोप दाखल करायची तयारी केली. प्रकरण वरून दडपलं गेलं, पण फाइल नष्ट झाली नाही. ती युद्धानंतर सापडली आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आली. १९३३ सालच्या जर्मनीत एका सरकारी नोकराने आपलं काम नियमाप्रमाणे केलं, एवढंच खरं तर घडलं होतं.

दुसरं उदाहरण छावणीच्या शेवटच्या महिन्यातलं. गेओर्ग एल्सर या सुताराने नोव्हेंबर १९३९ मध्ये म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरसाठी बाँब लावला होता. हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला आणि वाचला. एल्सरला खटला न चालवता वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं, आणि शेवटी डाखाऊला आणलं. ५ एप्रिल १९४५ रोजी गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, प्रमुख म्यूलर याच्या कार्यालयातून डाखाऊच्या प्रमुखाला पत्र गेलं. त्यात एल्सरचं नावही बदललेलं, 'एलर'. सूचना अशी की म्युनिक किंवा डाखाऊवर पुढचा हवाई हल्ला होईल तेव्हा हा कैदी त्यात जखमी होऊन मेल्याचं दाखवायचं, त्याला अत्यंत गुप्तपणे संपवायचं, आणि काम झाल्यावर हे पत्रही नष्ट करायचं. ९ एप्रिलला एल्सरला मारलं. पत्र मात्र टिकलं. नोंद खोटी करा असा हुकूमच नोंदीत सापडण्याचं हे विरळ उदाहरण.

असे हुकूम बहुतेक प्रकरणांत सापडत नाहीत. १९४२ मध्ये आजारी आणि काम न करू शकणाऱ्या २,५०० हून अधिक कैद्यांना ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमच्या किल्ल्यात नेऊन विषारी वायूने मारलं. डाखाऊच्या कागदांत ती अपंगांची वाहतूक म्हणून दिसते. घरच्यांना पत्र गेलं ते वेगळ्याच आजाराचं. कार्डावर १९४२ सालची अशी बदली दिसली आणि पुढे काहीच नसेल, तर तो माणूस कुठे गेला हे जवळपास ठरलेलं आहे.

नाव सापडलं नाही, म्हणजे तो माणूस तिथे नव्हता का?

नाही, तसं म्हणता येत नाही. आणि ज्यांची नोंद नाही त्यांच्यात सर्वांत वाईट वागणूक मिळालेले लोक आहेत.

१९४१ आणि १९४२ मध्ये डाखाऊजवळच्या हेबर्ट्सहाउझनच्या गोळीबार मैदानावर ४,००० हून अधिक सोव्हिएत युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांना मारण्यासाठीच आणलं होतं, म्हणून छावणीच्या वहीत घेतलंच नाही. त्यांतल्या काहींची नावं पुढे जर्मन सैन्याच्या युद्धकैदी कार्डांवरून जुळवली गेली. युद्धाच्या शेवटी पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांतून उतरवलेली प्रेतं, एप्रिल १९४५ च्या सक्तीच्या पायपिटीत रस्त्याकडेला पडलेली माणसं, यांचंही तसंच.

नूर इनायत खानची नोंद डाखाऊच्या वहीत आहे का?

भारतीय वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर नाही असं आहे, आणि ते कसं कळलं हे समजून घेण्यासारखं आहे.

नूरचे वडील इनायत खान हे बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली होती. पुढे इनायत खान सूफी विचार आणि वीणा घेऊन पाश्चात्त्य देशांत गेले. नूरचा जन्म १९१४ मध्ये मॉस्कोत झाला, वाढली फ्रान्समध्ये. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेने तिला वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरवलं, ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली. नोव्हेंबरमध्ये तिला जर्मनीत फोर्त्सहाइमच्या तुरुंगात पाठवलं आणि बेड्या घालून एकटं ठेवलं. तिचा वर्ग होता 'रात्र आणि धुकं'. या कैद्यांविषयी बाहेर कुणाला काहीही कळू द्यायचं नाही, असाच त्यांचा नियम होता. आपण कुठे आहोत हे तिने शेजारच्या कोठड्यांना कळवलं ते जेवणाच्या मगाच्या तळावर अक्षरं कोरून.

१३ सप्टेंबर १९४४ रोजी योलांद बीकमन, एलियान प्ल्यूमन आणि मादलेन दामरमाँ या त्याच संघटनेच्या तिघींसोबत तिला डाखाऊत गोळी घालून मारलं. चौघींपैकी कुणालाही छावणीत दाखल करून घेतलं नव्हतं.

युद्धानंतर त्याच संघटनेच्या व्हेरा ऍटकिन्स या अधिकारी हरवलेल्या हेरांचा शोध घेत जर्मनीभर हिंडल्या. त्यांचा पहिला निष्कर्ष असा होता की नूर जुलै १९४४ मध्येच अल्सास भागातल्या नात्सवायलर छावणीत मारली गेली. तिथे मारलेल्या चार स्त्रियांपैकी चौथीचं वर्णन नूरशी जुळत होतं. पण फोर्त्सहाइमच्या तुरुंगातल्या माहितीवरून कळलं की त्या तारखेनंतरही नूर तिथेच होती. मग १९४७ मध्ये निष्कर्ष बदलला. नात्सवायलरची ती चौथी स्त्री सोनिया ओल्शानेत्स्की होती. म्हणजे एका स्त्रीचं स्थळ चुकलं, तेवढा काळ दुसरीचा मृत्यूच दिसेनासा झाला होता.

१९४९ मध्ये नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. डाखाऊच्या दहनभट्टीच्या परिसरात चौघींच्या नावांचा फलक आहे. शोधायला गेलात तर घाई करू नका, लोक त्याच्यावरून पुढे जातात.

मृतांचा आकडा 'किमान' असा का देतात? नक्की का सांगत नाहीत?

वर सांगितलं त्याच कारणाने. २०११ मध्ये स्मारकाने मृतांचा स्मृतिग्रंथ काढला, त्यात ३३,००० हून अधिक नावं आहेत. ४१,५०० हा अंदाज त्याहून मोठा आहे, कारण बाकीच्यांचं मरण सिद्ध होतं, नाव नाही. १९४५ च्या सुरुवातीला कोळसा संपला आणि दहनभट्टी थांबली, तेव्हा प्रेतं लाइटनबर्गच्या टेकडीवर सामूहिक खड्ड्यांत पुरली. तिथे ७,४०० हून अधिक जण आहेत, बहुतेक अनामिक. जुन्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतील, पण सध्याचा आकडा नावं एकेक करून ताडल्यावर आलेला आहे.

डाखाऊत गॅस चेंबर होतं का?

होतं. १९४२-४३ मध्ये नव्या दहनभट्टीच्या इमारतीत ते बांधलं. पण आउश्वित्झसारखा वायूने सामूहिक संहार डाखाऊत झाला नाही. स्मारकाच्या माहितीतही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्यूंचा संहार झालाच नाही म्हणणारे लोक नेमकं हेच वाक्य उचलून 'पाहा, सगळंच खोटं' म्हणतात. डाखाऊतून माणसं हार्टहाइमला वायूने मारायला पाठवली हे ते सांगत नाहीत.

कैद्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं होतं का?

हो, आणि मोठ्या धोक्याने. एडगर कुप्फर-कोबरविट्झ हा कैदी छावणीजवळच्या स्क्रूच्या कारखान्यात कारकून होता. नोव्हेंबर १९४२ पासून त्याने चोरून डायरी लिहिली, १,८०० हून अधिक पानं. पानं जमिनीत पुरून ठेवली आणि सुटकेनंतर उकरून काढली.

कार्डावरच्या तारखेला त्या दिवसाचं वातावरण जोडायचं असेल तर अशा लिखाणाला पर्याय नाही. उलट, डायरीतला आकडा ऐकीव असू शकतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. धर्मगुरूंच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं: डाखाऊत २,७०० हून अधिक धर्मगुरू कोंडले होते, बहुसंख्य पोलिश कॅथलिक, आणि त्यांतल्या पुष्कळांनी नंतर लिहिलं.

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि जर्मनांच्या हाती सापडले होते. त्यांचं नाव इथे मिळेल का?

बहुधा नाही. गणवेशातले ब्रिटिश-भारतीय सैनिक युद्धकैदी होते. त्यांच्या छावण्या जर्मन किंवा इटालियन सैन्याकडे होत्या, एसएसकडे नव्हत्या. डाखाऊसारख्या छळछावण्यांशी त्यांची गल्लत होते, कारण मराठीत आपण दोन्हींना सरसकट 'छावणी' म्हणतो.

मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा पकडली गेली. अशा भारतीय सैनिकांना आधी इटलीत ठेवलं गेलं आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर अनेकांना जर्मनीत हलवलं. शोध घ्यायचा तर जिनिव्हातल्या रेडक्रॉसच्या अभिलेखागारात (ते दुसऱ्या महायुद्धाविषयीचे अर्ज ठरावीक काळातच स्वीकारतात, त्यामुळे तारीख पाहून अर्ज करा), ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे विचारा. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. सैनिकाचा क्रमांक आणि गावाचं नाव हाताशी ठेवा. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाने लिहिलेलं असणार, हे धरून चला.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचा डाखाऊशी काही संबंध?

नाही. वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान राहिलेले सुमारे ५,००० पोलिश लोक हे सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आलेले निर्वासित होते. ती कैद नव्हती, आसरा होता.

एखाद्या व्यक्तीचा शोध नेमका कसा घ्यायचा?

आधी आरोल्सनच्या ऑनलाइन संग्रहात आडनाव आणि जन्मतारीख टाका. नाव एकाच पद्धतीने टाकून थांबू नका. पोलिश, चेक, रशियन, युक्रेनियन नावं जर्मन कारकुनाने ऐकून लिहिली आहेत, त्यामुळे एकाच माणसाची चार रूपं दिसतात. ही अडचण इतकी जुनी आहे की तिथली सुमारे ५ कोटी कार्डांची नावसूची मुळातच उच्चारानुसार लावलेली आहे. जन्मतारखेचा मोठा आधार होतो. नाव बिघडतं तेवढी तारीख बिघडत नाही. त्यातही दिवस आणि महिना उलटे झालेत का हे बघा.

ऑनलाइन काही मिळालं नाही तर लेखी विचारणा करा. नातेवाइकांकडून पैसे घेत नाहीत. उत्तराला काही महिने लागू शकतात. दरम्यान डाखाऊ स्मारकाच्या अभिलेखागारालाही लिहा. प्रत्यक्ष जायचं असेल तर आधी वेळ ठरवून घ्या. पर्यटक म्हणून गेलात आणि सहज आत डोकावलं, असं तिथे चालत नाही.

जर्मन येत नसेल तर?

छापील कार्डं वाचायला जर्मन फार लागत नाही, रकाने तेच तेच असतात. 'त्सूगांग' म्हणजे आवक, 'युबरश्टेल्ट' म्हणजे दुसरीकडे पाठवला, 'एंटलासन' म्हणजे सुटका, 'फरश्टॉर्बन' म्हणजे मृत. हे शब्द कार्डावर तोडून, दोन-चार अक्षरांत लिहिलेले असतात. आरोल्सनने प्रत्येक प्रकारचं कार्ड रकान्यावार समजावून देणारी मार्गदर्शिका इंग्रजीतही ठेवली आहे, ती आधी चाळा. हाताने लिहिलेली जुनी जर्मन पत्रं ही मात्र वेगळी गोष्ट. ती लिपी मोडीसारखी बसून शिकावी लागते, चांगलं जर्मन येणाऱ्यालाही ती वाचता येत नाही.

छावणीचं स्मारक लगेच झालं का?

वीस वर्षं लागली. १९४८ पर्यंत अमेरिकनांनी तिथे एसएसचे लोक डांबून ठेवले. मग बव्हेरियाच्या सरकारने बराकींत चेकोस्लोव्हाकियातून हाकलून दिलेल्या जर्मन निर्वासितांची वस्ती केली. भिंती तोडून खोल्या केल्या, संसार मांडले. सुटलेले कैदी ओरडत होते की ही जागा जपा, आणि गावातल्या अनेकांना ती पुसून टाकलेली चालली असती. १९५५ मध्ये कैद्यांची आंतरराष्ट्रीय समिती पुन्हा उभी राहिली आणि ९ मे १९६५ रोजी स्मारक उघडलं. स्मारक झालं ते सरकारला सुचलं म्हणून झालं नाही, हे सांगायला हवं.

त्यामुळे आज दिसणाऱ्या दोन बराकी मूळच्या नाहीत, १९६५ च्या सुमाराला नव्याने बांधलेल्या आहेत. बाकीच्यांचे फक्त चौथरे. फाटकातलं 'श्रमाने मुक्ती मिळते' अशा अर्थाच्या अक्षरांचं लोखंडी दारही आता प्रतिकृती आहे. मूळ दार नोव्हेंबर २०१४ मध्ये चोरीला गेलं, २०१६ मध्ये नॉर्वेत बर्गनजवळ सापडलं आणि आता संग्रहालयात ठेवलंय.

भेट द्यायची तर काय लक्षात ठेवावं?

म्युनिकहून एस २ लोकलने डाखाऊ, तिथून ७२६ क्रमांकाची बस. प्रवेशाला तिकीट नाही. साधारण १३ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं स्मारकच सुचवतं, आणि मलाही तेच योग्य वाटतं. संग्रहालयात मूळ कार्डांचे नमुने काचेआड आहेत. लोक छायाचित्रांपाशी थांबतात आणि कार्डांवरून नजर फिरवून निघून जातात. निदान एक कार्ड पूर्ण वाचा.

घरबसल्या काही करता येतं का?

येतं. आरोल्सनचा 'प्रत्येक नाव महत्त्वाचं' हा उपक्रम २०२० पासून चालू आहे. स्कॅन केलेली कार्डं पाहून त्यावरची नावं आणि तारखा संगणकात भरायच्या. एकच कार्ड एकापेक्षा जास्त जणांकडे जातं, त्यामुळे आपली चूक झाली तरी ती पकडली जाते. वेळेचं बंधन नाही. शाळेतली मोठी मुलंही करू शकतील, फक्त आधी वर दिलेल्या रकान्यांबद्दल त्यांच्याशी बोला. डाखाऊत १९९९ पासून आणखी एक उपक्रम आहे: स्वयंसेवक एकेका कैद्याचं चरित्र शोधून त्याचं स्मृतिपत्र लिहितात. त्यासाठी मात्र जर्मन यायला हवं आणि नातेवाइकांशी बोलायची तयारी हवी.

कैद्यांचं काढून घेतलेलं सामान कुठे गेलं?

बहुतेक लुटलं गेलं. काही पाकिटं मात्र आरोल्सनला पोचली. त्यांत घड्याळं, लग्नाच्या अंगठ्या, फाउंटन पेन, ओळखपत्रं, घरच्यांचे फोटो आहेत. बरीचशी न्यूएनगामे छावणीतली, काही डाखाऊची. पूर्वी ही संस्था कुणी मागायला येईल याची वाट पाहायची, आता ती स्वतः वारस शोधते. सुमारे २,००० पाकिटं अजून बाकी आहेत. पाकिटांवरच्या नावांची यादी ऑनलाइन आहे. तुमच्या सासरी-माहेरी, शेजारी किंवा कार्यालयात पोलंड, युक्रेन, रशिया, फ्रान्स या देशांतलं कुणी असेल तर ती यादी त्यांना दाखवा.